बीपी मोजता, तशी नाडीही धरा

संपादक महोदय,

सोलापुरात जयंती असो की एखाद्या नेत्याचा वाढदिवस, आरोग्य शिबिराचा मांडव पडतोच. बीपी, साखर, वजन झाले की रांग पुढे सरकते. मनगट मात्र कोणी धरत नाही. दंडाला पट्टा लावला की यंत्र आकडा दाखवते. नाडीचा ताल बिघडला आहे का, हे त्या आकड्यावरून समजत नाही. उलट ताल बिघडलेला असेल तर बीपीचा आकडाच दर वेळी वेगळा येतो. अशा माणसाचा बीपी तीनदा मोजून सरासरी धरावी लागते.

तालाचा हा बिघाड म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते. तिथे रक्त साकळते, गुठळी बनते आणि ती सुटून मेंदूकडे गेली की लकवा मारतो. अशा रुग्णाला लकव्याचा धोका साधारण पाचपट असतो. काहींना धडधड होते, दम लागतो. पण अनेकांना काहीच जाणवत नाही आणि लकवा झाल्यावरच आजार कळतो.

तपासणी घरीही जमते. पाच मिनिटे शांत बसावे. तळहात वर करून अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर तर्जनी आणि मधले बोट ठेवावे. अंगठा वापरू नये, कारण त्याची स्वतःची नाडी लागते. पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. मधूनच एखादा ठोका चुकणे वेगळे. पण दोन ठोक्यांमधले अंतर सतत बदलत असेल, त्यात काहीच मेळ बसत नसेल, तर त्याच दिवशी ईसीजी काढावा. ठोके अधूनमधूनच बिघडत असतील तर एक ईसीजी चांगला आला म्हणून विषय संपत नाही. 24 तासांचा होल्टर, म्हणजे दिवसभर ठोके नोंदवणारे छोटे यंत्र, लावावा लागतो.

कारणांमध्ये वाढते वय आणि वर्षानुवर्षे अंगावर काढलेला बीपी सर्वात पुढे. मधुमेह, लठ्ठपणा, दारू, झोपेत घोरता घोरता श्वास अडकणे, जुना हार्ट अटॅक हेही आहेत. थायरॉइडचे काम वाढल्यानेही ताल बिघडतो, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी केल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही. आपल्याकडे आणखी एक कारण आहे: लहानपणी घसा धरून सांधे सुजलेल्यांची, म्हणजे सांधेज्वर झालेल्यांची, पुढे आकसत गेलेली हृदयातली मायट्रल झडप. तरुण बाईची नाडी अशी लागली तर टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, टाळू नये.

आता गोळ्यांविषयी, कारण नुकसान इथेच होते. मेटोप्रोलॉलसारखी गोळी ठोक्यांचा वेग आवरते, धडधड थांबते आणि रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी सोडून देतो. लकवा टाळते ती हीच गोळी. ती कोणाला द्यायची हे गुणांवर ठरते. पंचाहत्तरी पार केलेल्यांना 2, आधी लकवा झालेल्यांना 2. वय 65 ते 74, बीपी, मधुमेह, हार्ट फेल्युअर, रक्तवाहिन्यांचा आजार यांना प्रत्येकी 1. बेरीज 2 झाली की गोळी हवी. ॲस्पिरिन तिची जागा घेऊ शकत नाही.

झडप मध्यम किंवा जास्त आकसलेली असेल, किंवा कृत्रिम धातूची असेल, तर वॉरफेरिन किंवा ॲसेनोकुमारॉलच. सांधेज्वराने झडपा बिघडलेल्या सुमारे साडेचार हजार रुग्णांवरच्या इन्व्हिक्टस चाचणीत नव्या रिव्हारोक्सॅबानपेक्षा वॉरफेरिनसारख्या जुन्या गोळीवर मृत्यू कमी झाले. निष्कर्ष 2022 साली प्रसिद्ध झाले. जुन्या गोळीला आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ झाले ते सांगणाऱ्या रक्ततपासणीची, शिस्त लागते. झडप आकसलेल्यांचा आयएनआर 2 ते 3 मध्ये हवा, धातूच्या झडपेसाठी डॉक्टर लक्ष्य ठरवतात. तो स्थिरावला तरी साधारण महिन्याला तपासावा. थंडीत मंडईत मेथी, पालक स्वस्त होतात आणि ताटात एकदम वाढतात. मग आयएनआर खाली येतो. भाजी बंद करू नये, रोजचे प्रमाण सारखे ठेवावे. जुलाबावर घेतलेल्या मेट्रोनिडाझोलने आयएनआर वर जातो, गुडघेदुखीच्या डायक्लोफेनॅकने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दिवस राहण्याची शक्यता असेल तर आधीच डॉक्टरांना सांगावे. या गोळ्या गर्भाला बाधतात.

नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, पण वेळ चुकवून चालत नाही. ॲपिक्सॅबान दिवसातून दोनदा. तिचा डोस 5 वरून 2.5 मिलिग्रॅमवर आणायला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: वय 80 किंवा जास्त, वजन 60 किलो किंवा कमी, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन 1.5 किंवा जास्त. नुसती अंगकाठी किरकोळ आहे म्हणून अर्धी गोळी देणे चूक आहे. रिव्हारोक्सॅबान रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही. एकादशी असली तरी ती पोटभर फराळासोबतच घ्यावी. डाबिगॅट्रानची कॅप्सूल फोडू नये.

एवढे करूनही तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, तर घरी मालिश करत बसू नका. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांतच देता येते. सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा आणि रक्त पातळ करणारी शेवटची गोळी किती वाजता घेतली ते सांगा. इंजेक्शन द्यायचे की नाही, ते त्यावरही ठरते.

शिबिरे भरवणाऱ्या मंडळांना कळकळीची विनंती आहे. बीपीच्या टेबलाशेजारी एक खुर्ची, सेकंदकाट्याचे घड्याळ आणि नाडी धरता येणारी एक नर्स बसवा. पासष्टीपुढच्या प्रत्येकाची नाडी मिनिटभर पाहा, आणि अनियमित लागली तर ईसीजी तिथेच काढून कागद त्याच्या हातात द्या.

आपला,
एक फिजिशियन, सोलापूर