सापडला नाही, हेही लिही

धरमपेठ, नागपूर
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

फोनवर तू मला बोलूच दिलं नाहीस. "जिओकॅशिंगचं ॲप काढून टाकलं, विषय संपला," म्हणालास आणि फोन सरळ वहिनींच्या हातात दिलास. वहिनींशी परीक्षांपासून मेथीच्या भावापर्यंत सगळं बोलून झालं, पण माझं मन तुझ्या त्या एका वाक्यापाशीच अडकलं होतं. म्हणून हे पत्र लिहून राहिलो. लांबणार आहे, जेवण झाल्यावर निवांत वाच.

तुझं दुखणं मला कळलं आहे. खेळ तसा साधा, कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसवर शोधायचा आणि आतल्या कागदावर नाव लिहायचं. छकुलीला "खजिना शोधायला जाऊ" म्हणून नेलंस, दोन तास फिरलात, फोनवरचा बाण गरगर फिरत राहिला, चौकीदारानं हटकलं, आणि शेवटी पोरगी म्हणाली, "बाबा, खजिना नाहीच का?" डबा न मिळाल्याचं तुला एवढं वाईट वाटलं नसतं. तिच्या त्या प्रश्नानं तू खचलास.

तर आधी हे ऐक. तू पाठवलेला स्क्रीनशॉट मी वेबसाइटवर त्या डब्याचं जे पान आहे, त्यावरच्या आकड्यांशी ताडून पाहिला. जिओकॅशिंगच्या पानावर अक्षांश-रेखांशाचे अंश आणि मिनिटं असतात, आणि पुढे मिनिटांचेच दशांश. सेकंद तिथे नसतातच. तू ते आकडे हातानं दुसऱ्या नकाशात घातलेस आणि दशांशाचे पहिले दोन आकडे सेकंद समजलास. समज, पानावर ८.५०० मिनिटं आहे. म्हणजे साडेआठ मिनिटं, आठ मिनिटं तीस सेकंद. तू घातलंस आठ मिनिटं पन्नास सेकंद. फरक वीस सेकंदांचा. अक्षांशाच्या एका सेकंदाचे जमिनीवर जवळपास ३१ मीटर होतात, म्हणजे एवढ्याशा गोष्टीनं माणूस सहाशे मीटर उत्तरेला जाऊन उभा राहतो. तुझंही असंच झालं. त्या जागी डबा कधी नव्हताच, तर तुझे डोळे कमी पडले असं कसं म्हणायचं? शाळेत आपल्याला अंश, मिनिटं, सेकंद एवढंच शिकवलं, त्यामुळे नवा माणूस इथे हमखास अडखळतो. यापुढे ॲपमधूनच रस्ता धर, हातानं आकडे घालूच नकोस. छकुलीलाही हे गणित समजावून सांग. सहावीच्या पोरीला सहज कळेल, आणि बाबांनी खोटं सांगितलं नव्हतं हेही कळेल.

आता बाणाचं. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचीवर आहेत, आणि आपल्या हातातला फोन निदान चार उपग्रहांचे सिग्नल पकडून आपली जागा काढतो. मोकळ्या मैदानात साधारण पाच मीटर इकडेतिकडे होतात. सेमिनरी हिल्सच्या झाडीत किंवा बर्डीवरच्या उंच इमारतींच्या मधोमध सिग्नल पानांत अडतो, भिंतींवर आपटून येतो, आणि दहा-पंधरा मीटरचा फरक सहज पडतो. डबा ठेवणाऱ्याच्या फोनलाही तोच त्रास झालेला असतो. दोघांचे फरक एकत्र आले की तो ठिपका राहतच नाही, एका घराच्या अंगणाएवढं वर्तुळ होतं. त्यात तू उभा होतास लोखंडी रेलिंगला टेकून, मग फोनमधलं होकायंत्र बिथरणारच. रेलिंगपासून दूर हो, फोन हवेत इंग्रजी आठाच्या आकारात फिरव, आणि चालत राहा. एका जागी उभं राहून बाणाकडे बघत बसू नकोस.

दहा मीटर राहिले की मी फोन खिशात घालतो. तिथून पुढचं काम डोळ्यांचं. डबा लपवणारा माणूस इथेच उभा होता, त्याला लोकांच्या नजरेपासून काय वाचवायचं होतं, त्याचा हात कुठवर पोचत होता, याचा विचार करायचा. फार नीट रचलेले दगड, उगाच एक जादा बोल्ट, झाडाच्या सालीचा रंग न जुळणारा तुकडा. नजर एकदा बसली की अशा गोष्टी आपसूक दिसायला लागतात. आणि छकुलीला पुढे जाऊ दे बाप्पा! आपल्याला बाकाची वरची बाजू दिसते, तिला खालची.

मला मिळालेला एक डबा सांगतो. जागा सांगणार नाही, तिथे तुला जायचंच आहे. दगडी कठड्याच्या खालच्या फटीत औषधाच्या गोळ्यांची छोटी डबी होती, वरून काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. पट्टीवर वर्षानुवर्षांची धूळ बसून ती थेट दगडाच्याच रंगाची झालेली. झाकण फिरवलं तर आत प्लास्टिकची पिशवी, आणि तिच्यात कागदाची गुंडाळी. पावसाळ्याचा ओलावा थोडा आत शिरलेला, निळी शाई पसरलेली, तरी नावं वाचता येत होती. एक जण जर्मनीहून कामासाठी आलेला, एक पुण्याचा, एका पानावर लहान मुलाच्या अक्षरात नुसतं नाव आणि एक सूर्य काढलेला. आपण ज्या रस्त्यानं कॉलेजला सायकल मारत जायचो, त्याच रस्त्याला लागून ही माणसं येऊन बसून गेली होती. कागद मांडीवर पसरून मी तिथे कितीतरी वेळ बसलो. छकुलीनं अशा कागदावर स्वतःचं नाव लिहावं, एवढ्यासाठी तरी तू हे सोडू नयेस असं मला मनापासून वाटतं.

आता ज्यासाठी हे पत्र, ते. तू ॲपवर तुझी नोंद टाकली नाहीस. "सापडलाच नाही तर काय लिहू?" म्हणालास. तेच लिही. या खेळात त्याला डीएनएफ म्हणतात, म्हणजे 'डिड नॉट फाइंड', निळ्या दुःखी चेहऱ्याची खूण येते, आणि ती पाहून नवीन माणसाला उगाच लाज वाटते. ती नोंद कोणाच्या कामी येते ते बघ. डबा ठेवणारा रोज तिथे जात नाही. पालिकेनं कठडा रंगवला, पावसात डबी वाहून गेली, माकडांनी उचलून नेली, यातलं काहीच त्याला घरबसल्या कळत नाही. लागोपाठ दोघातिघांनी "नाही मिळाला" लिहिलं की तो उठतो, जाऊन बघतो, नवी डबी ठेवतो. आपल्याकडे डबे मोजके आणि खेळणारेही मोजके, म्हणून इथे एकेका नोंदीला जास्त किंमत. न लिहिणारा माणूस आपल्यामागून येणाऱ्यालाही तसाच रिकाम्या हातानं परत पाठवतो. तुझ्या बाबतीत तू आकडे चुकलास हेही एका ओळीत लिही, म्हणजे डबा ठेवणाऱ्याला उगाच काळजी नको.

या खेळाचा अगदी पहिला डबाच बघ ना. अमेरिकेनं २ मे २००० ला जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली गडबड बंद केली. तोवर सामान्य माणसाच्या यंत्रात शंभर मीटरपर्यंत फरक यायचा. दुसऱ्याच दिवशी, ३ मे ला, डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉनमधल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. आत पुस्तकं, थोडे पैसे, एक गलोल आणि चक्क बीन्सचा डबा! तीन दिवसांत ती बादली दोनदा सापडली, पण नोंद एकानेच केली, माइक टीग यांनी. दुसरा कोण, ते नोंदीवरून कळत नाही. (खाण्याचे पदार्थ आता डब्यात ठेवत नाहीत. मुंग्या आणि जनावरं डबा फोडतात.)

चौकीदाराचं मनाला लावून घेऊ नकोस. झुडपात वाकलेला माणूस दिसला की आपल्या नागपुरात कोणीही विचारणारच, "काय शोधून राहिले भाऊ?" त्यानं विचारलं हे चांगलंच. खेळाबाहेरच्या लोकांना यात मगल म्हणतात आणि त्यांच्यापासून लपायला सांगतात, पण मला ते आपल्या गावाला लागू वाटत नाही. मी सरळ सांगतो, "काका, जीपीएसवर डबा शोधायचा खेळ आहे, त्यात कागद असतो, नाव लिहून परत ठेवायचा." एका बागेतल्या चौकीदार काकांना मी असाच कागद दाखवला. त्यानंतर मी कधीही गेलो की ते लांबूनच हात करतात, "आहे, आहे, जागेवर आहे!" फक्त सीताबर्डी किल्ल्याच्या आसपास, रेल्वेच्या हद्दीत, विमानतळाजवळ कोपरे धुंडाळत फिरू नये. तिथे खरं सांगूनही उगाच ताप होतो, आणि त्या लोकांचं कामच ते आहे.

बंड्या, मी लहानपणापासून झिरो माइलच्या घोड्यांसमोरून जातो, तूही जातोस. या खेळात पडल्यावर मी पहिल्यांदा तिथे थांबून दगड वाचला. १९०७ सालचा तो. देशाचा मध्य तो की नाही हा वाद बाजूला ठेव. सर्वेक्षणवाल्यांचा तो उंचीचा खुणेचा दगड आहे, समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत! आणि ज्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या परंपरेतला तो आहे, ते १८०२ साली मद्रासला सुरू करणारा विल्यम लॅम्बटन आपल्या शेजारी हिंगणघाटला पुरला आहे. हैदराबादहून नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ ला तो तिथे गेला, काम अर्धवट टाकून. त्याचं कोन मोजायचं यंत्र अर्ध्या टनाचं होतं. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटला आणि ते भिंतीवर आदळून वेडंवाकडं झालं. लॅम्बटन तंबूत शिरला आणि सहा आठवडे बसून स्वतःच्या हातानं त्यानं ते सरळ केलं. पुढे त्याच्यामागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टनं ती मोजणीची रेघ हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. पृथ्वीवरचा एक बिंदू नेमका कुठे आहे, एवढ्या प्रश्नापायी या माणसांनी आयुष्यं घातली. आज तोच प्रश्न तू आणि छकुली हातातल्या फोनवर सोडवायला निघाला होतात. मला तरी ही फार मोठी गोष्ट वाटते.

आता पुढच्या वेळचं. डबा निवडताना दोन आकडे बघ, शोधण्याची अवघडता आणि वाटेची अवघडता. दोन्ही एक ते पाच. तुम्ही दीडच्या वर जाऊ नका. आकार 'मायक्रो' असेल तर सध्या सोड, ती बोटाच्या पेराएवढीही असू शकते. शेवटची नोंद कधीची आहे ते वाच. महिन्याभरात कुणाला मिळाला असेल तर तो जागेवर असण्याची खात्री धरायला हरकत नाही. आणि हिंट आधीच उघड. हिंट वाचणं कमीपणाचं नाही, ती वाचण्यासाठीच लिहिलेली असते. जुने भिडू काहीही म्हणोत.

सोबत पेन हवाच, छोट्या डब्यांत नसतो. कागदाची गुंडाळी ओढायला चिमटा, एक टॉर्च आणि एक काठी. फटीत किंवा बिळात हात आधी घालायचा नाही, काठी घालायची. पावसाळ्याचं गवत अजून उभं आहे, त्यात घोणस असते आणि दगडाखाली विंचू. छकुलीला बूट घाल, सँडल नको. दिवस मात्र हेच, दिवाळी ते फेब्रुवारी. एप्रिल-मेच्या पंचेचाळीस अंशांत पोरीला घेऊन फिरायचं नावही काढू नकोस.

तू रागात म्हणालास ना, "त्यापेक्षा मीच एक लपवतो," ते मला आवडलं, पण जरा थांब. आधी दहाबारा डबे हातात घेऊन बघ, कुठला टिकतो, कुठला भिजतो. जागेच्या मालकाची परवानगी लागते, जमीन खणायची नाही, आणि दुसऱ्या डब्यापासून १६१ मीटर तरी दूर लागतो. शिवाय तो सांभाळायची जबाबदारी येते. ते सगळं जमलं की आपण दोघं मिळून एक मोठा डबा ठेवू, छकुलीच्या अक्षरातली वही घालून. जागा माझ्या डोक्यात आहे.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मी झिरो माइलच्या घोड्यांपाशी येतो. तू आणि छकुली दोघंही या. आधी तिला तो दगड दाखवू, मग तुझ्या त्याच डब्याकडे जाऊ, या वेळी बरोबर आकड्यांवर. मी तिथे तोंड उघडणार नाही, शोधायचं तुम्हीच. मिळो न मिळो, नऊला तर्री पोहे माझ्याकडून. वहिनींना म्हणावं डबा देऊ नका.

ॲप आज रात्रीच परत टाक, आणि झोपायच्या आधी कालची नोंद लिही.

तुझा,
दादू