शिलाई मशीन डिझाइन मोजून घेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतलं शिलाई मशीनवरचं वाचलं. घरबसल्या काम करणाऱ्या बायकांसाठी छापलंत ते बरंच केलंत, पण सगळा भर कोणत्या मशीनला किती डिझाइनचे टाके येतात यावरच, आणि तिथेच तर गोची आहे. मी ब्लाउज-ड्रेस शिवते, आसपासच्या मुली शिकायला येतात, आणि प्रत्येकीचं पहिलं हेच असतं, ताई ऑटोमॅटिक घेऊ की काळी?

आता बघा, अस्तराचा ब्लाउज म्हणजे टक्स, बाही, साइड, पायपिंग, हुकपट्टी, जवळपास सगळी सरळ शिलाई. त्यात पैठणीचा असेल तर खांद्याच्या जोडाला काठ, अस्तर, कॅनव्हास, पायपिंग असे थरावर थर येतात, तिथे हलकी प्लॅस्टिक बॉडीची मशीन नुसती गुरगुरते आणि सुई जागची हलत नाही. काळी लोखंडी, त्यातही टेलरलोकांकडे असते ती मोठी अंब्रेला, तिथनं सरळ निघून जाते. तिला छोटी मोटर बसवा पण खालचं पायडल काढून टाकू नका, लाइट गेली की पट्टा चढवायचा आणि पायाने चालवायची, ऐन लग्नसराईत गिऱ्हाईक थोडंच थांबतंय. शिवाय बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची डबी) तालुक्याला कुठल्याही दुकानात मिळते, कॉम्प्युटरवाल्या मशीनचं सर्किट गेलं की मग बसा वाट बघत.

झिगझॅगवाली, म्हणजे हीच ती ऑटोमॅटिक, वाईट असं मुळीच म्हणत नाही हं. हौसेपुरतं शिवायचं, पोरांचे कपडे, काज, थोडं पिको, जागा कमी म्हणून मशीन कपाटात ठेवायची, तर तीच घ्या. टीशर्टचं कापड सरळ टाक्याने शिवलं की ताणल्यावर दोरा तटकन तुटतो, त्याला झिगझॅग नाहीतर स्ट्रेच टाका लागतो, आणि सुई बॉलपॉइंटची, म्हणजे गोल टोकाची. पण दुकानदार सांगतात ना की हिच्यातच ओव्हरलॉक होतं, ते अर्धंच खरं. ओव्हरलॉक कड कापत कापत दोऱ्यात गुंडाळते, झिगझॅगला ते ब्लेडच नसतं.

रोज ढिगाने माल काढायचा असेल तरच जुकी-जॅकसारख्या कारखान्यातल्या मोठ्या मशीनकडे बघा. मिनिटाला 5000 टाके वगैरे ऐकायला भारी वाटतं, नवशिकीच्या हातातून कापड पळतं हो! आणि मोटर मागायची तर सर्वो मोटरच मागा, ती पायडल दाबलं तरच फिरते, क्लच मोटर बटण दाबल्यापासून घरघरत वीज खात बसते. फ्लॅटमध्ये तर खालचे वर भांडायला येतील. या मोठ्या मशीनची सुईपण वेगळी, गोल दांड्याची, घरगुती मशीनची सुई एका बाजूने चपटी असते, ती हिला चालत नाही.

मोबाइलवर ती स्टेपलरएवढी हातातली मशीन दाखवतात ती तर घेऊच नका, एका दोऱ्याची साखळी असते, शेवटचं टोक सुटलं की ओढलं तसं अख्खी शिवण उसवते.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे पीएम विश्वकर्मा योजनेत (2023 पासून) शिंपीकामही आहे आणि टूलकिटसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. एवढ्यात ऑटोमॅटिकच बसवायची असा हट्ट धरण्यापेक्षा चांगली काळी मशीन आणि मोटर बघा, मोठी कात्री आणि इस्त्रीचंही जमतं का विचारा, इस्त्रीशिवाय ब्लाउजला फिनिशिंग येत नाही.

आणि दुकानात जाताना कापड घरचं न्या, तिथलं कडक कॉटन कुठल्याही मशीनवर छानच शिवलं जातं. जीन्सचे चार थर आणि जॉर्जेटचा एक तुकडा, दोन्ही स्वतः शिवून बघा आणि उलटून बघा. खाली दोऱ्याचे लूप आले तर वरचा ताण सैल आहे, दुकानदाराला समोरच अॅडजस्ट करायला लावा, आणि तरीही जॉर्जेट चुण्या घेत असेल तर 11 नंबरची बारीक सुई लावायला सांगा, तीही नसेल त्याच्याकडे तर दुसरं दुकान बघा.

आपली एक वाचक,
बार्शी