‘रायझिंग स्टार’चा इतिहास लोकांसमोर यावा

महोदय,

फोर्टातील स्टर्लिंग सिनेमाजवळच्या फ्रीमेसन्स (दीक्षा घेऊन एकमेकांना बंधू मानणाऱ्या सदस्यांची जुनी संघटना) यांच्या हॉलवरील कंपास आणि गुण्या यांचे चिन्ह पाहून आजही काही जण ‘आत काय चालते कोण जाणे’ असे म्हणून पुढे जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना भारतीय म्हणून मुंबईतील लॉजमध्ये, म्हणजे या संघटनेच्या स्थानिक शाखेत, प्रवेश मिळेना, तेव्हा त्यांनी पॅरिसमध्ये जाऊन दीक्षा घेतली. आणि त्यानंतर, 1843 मध्ये, डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश फ्रीमेसनच्या पुढाकाराने ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज मुंबईत भारतीयांसाठी मुद्दाम स्थापन झाले. ज्या काळात साहेबांच्या क्लबांची दारे आपल्याला बंद होती, त्या काळात लॉजमधल्या काळ्यापांढऱ्या चौकटींच्या एकाच फरशीवर पारशी, मुसलमान, हिंदू आणि इंग्रज बंधू म्हणून उभे राहू लागले, ही माझ्या मते शहराच्या सामाजिक इतिहासातील फार मोठी गोष्ट आहे. (याच माणेकजींनी पुढे मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढली.) भारतातील फ्रीमेसन्सची स्वतंत्र शिखर संस्था, ग्रँड लॉज ऑफ इंडिया, 1961 मध्ये झाली. या वास्तूच्या दर्शनी भागी हा इतिहास मराठीत सांगणारा एक फलक लावावा, अशी संबंधितांना माझी कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक, मुंबई