विहिरीच्या पाण्याचा हिशेब आधी मांडल्याबद्दल : प्लॅनिंग बोर्डावरील ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपल्या टाऊन मीटिंगने, म्हणजे गावातल्या मतदारांच्या सभेने, बहुकुटुंब घरांसाठीचा झोनिंग बदल (कुठल्या जागेवर काय बांधता येईल याच्या नियमांतला बदल) मंजूर केला आणि त्यावर राज्याच्या मुख्य विधी अधिकारी असलेल्या अ‍ॅटर्नी जनरल यांच्या कार्यालयाची मान्यताही आली. मॅसॅच्युसेट्समध्ये टाऊनचा उपविधी या मान्यतेखेरीज पक्का होत नाही, म्हणून हे पत्र आजवर थांबवून ठेवले होते. ते मराठीत आणि जाहीरपणे लिहीत आहे, कारण बॉस्टनच्या पश्चिमेकडील छोट्या टाऊनमध्ये आता बरीच मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्यापुढेही हा विषय या ना त्या रूपात येतोच, आणि आपण आम्हाला जे समजावून दिले ते त्यांच्याही उपयोगी पडावे अशी इच्छा आहे.

जानेवारी २०२१ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर चार्ली बेकर यांच्या सहीने राज्याच्या झोनिंग कायद्यात कलम ३ए आले. एमबीटीए या बॉस्टन परिसरातील सार्वजनिक वाहतूक संस्थेच्या रेल्वे-बस सेवेच्या परिसरातील १७७ शहरांनी आणि टाऊननी आपल्या हद्दीत किमान एक विभाग असा ठेवावा की जिथे तीन किंवा अधिक घरांची इमारत विशेष परवानगी न मागता हक्काने बांधता येईल, रहिवाशांवर वयाची अट नसेल आणि एकरी १५ घरांची घनता मिळेल, असे हे कलम सांगते. स्टेशन नसलेल्या, विरळ वस्तीच्या आपल्यासारख्या टाऊनचा गट वेगळा आहे. त्यांना अशा विभागात गावातल्या एकूण घरांच्या ५ टक्के इतकी घरे बसू शकतील अशी क्षमता दाखवावी लागते, म्हणजे दोन हजार घरे असतील तर शंभर, आणि त्यासाठी २०२५ अखेरपर्यंतची मुदत होती. हे सारे सरकारी संकेतस्थळावर होते, पण वाचले कोणी? आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शाळेतल्या गर्दीची आणि घरांच्या घसरणाऱ्या किमतींची चर्चा रंगली. कित्येकांनी तर हे कलम आणि १९६९ चा ४०बी कायदा यांची सरमिसळ केली. परवडणाऱ्या घरांचे प्रमाण १० टक्क्यांच्या खाली असलेल्या गावात बिल्डरला स्थानिक झोनिंग बाजूला सारून परवानगी मागण्याची वाट ४०बी देतो. ३ए मध्ये विभाग कुठे आखायचा ते टाऊन स्वतः ठरवते. हा फरक आपण ग्रंथालयातल्या पहिल्याच बैठकीत दोन वाक्यांत सांगितलात आणि निम्मा गोंधळ तिथेच मिटला.

उरलेला निम्मा मात्र खरा प्रश्न होता, आणि त्याबद्दलच मला मुख्यतः आपले आभार मानायचे आहेत. ‘घरे हवीत की नकोत’ यावर गाव दोन गटांत भांडत असताना आपण सांडपाण्याचा विषय काढलात. आपल्या टाऊनमध्ये सांडपाण्याची सार्वजनिक गटारे नाहीत. बहुतेक घरांची स्वतःची विहीर आहे आणि स्वतःचा सेप्टिक टँक आहे. राज्याच्या सेप्टिकसाठीच्या टायटल ५ नियमांप्रमाणे एका बेडरूममागे दिवसाला ११० गॅलन सांडपाणी धरतात, आणि एकाच जमिनीवर खासगी विहीर व सेप्टिक दोन्ही असतील तर नव्या बांधकामाला एकरी ४४० गॅलनची मर्यादा आहे. म्हणजे एका एकरात चार बेडरूम! कायदा म्हणतो एकरी १५ घरे, जमीन म्हणते चार खोल्या. या दोन आकड्यांमधल्या दरीकडे आपण बोट दाखवलेत, आणि कलम ३ए च्या मजकुरातच ही घनता टायटल ५ च्या आणि पाणथळ जमिनींच्या संरक्षणाच्या मर्यादांना अधीन असल्याचे लिहिले आहे, तेही वाचून दाखवलेत. विरोधकांना वाटले आपण त्यांच्या बाजूच्या, समर्थकांनाही तसेच वाटले. आपण मात्र नकाशा उघडून पुढच्या प्रश्नाकडे वळलात.

एका शनिवारी आपण आम्हा काही जणांना मातीची चाचणी बघायला नेलेत, ते विशेष आठवते. जेसीबीने खणलेल्या खड्ड्याच्या भिंतीवर वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर वाळू आणि त्याखाली करड्या मातीत गंजासारखे तांबूस ठिपके दिसत होते. त्या थरातले एक ढेकूळ हातावर घेऊन आपण म्हणालात की खड्डा आज कोरडा दिसला तरी हे ठिपके खोटे बोलत नाहीत, बर्फ वितळल्यावर जमिनीतले पाणी इथपर्यंत चढते. झिरपण्याची गती मोजण्यासाठी भरलेल्या भोकातले पाणी एक इंच खाली जायला किती मिनिटे लागतात, हे घड्याळ लावून पाहताना सोबतच्या मंडळींपैकी कोणालाही घरांच्या किमती आठवल्या नाहीत. प्रस्तावात आधी ज्या शेतजमिनीवर सर्वांची नजर होती, ती जागा त्या दिवशी मागे पडली. ती स्वस्त होती, मोकळी होती, कागदावर सुबक दिसत होती, पण आजूबाजूच्या घरांच्या विहिरी उताराला होत्या.

त्याऐवजी मुख्य रस्त्यालगतच्या जुन्या गिरणीचा परिसर आपण सुचवलात. नळाच्या पाण्याची लाइन तिथवर आधीच पोचलेली आहे आणि अनेक घरांसाठी मिळून एकच सांडपाणी व्यवस्था उभारण्याएवढी जागा तिथे आहे. अशी व्यवस्था दिवसाला १०,००० गॅलनपर्यंत पोचली की भूजलात पाणी सोडण्याचा राज्याचा वेगळा परवाना आणि शुद्धीकरण यंत्रणा लागते. बेडरूममागे ११० गॅलनच्या हिशेबाने ही सीमा सुमारे नव्वद बेडरूमला येते, म्हणजे बिल्डरला त्या आकड्याच्या आत राहायचे की यंत्रणेचा खर्च करायचा हे ठरवावेच लागेल. नकाशावर क्षमता दाखवली म्हणजे उद्या तेवढ्या इमारती उभ्या राहिल्या असे होत नाही, हे आम्हाला या हिशेबातून कळले. भाषणांतून कळले नसते.

माझे स्वतःचे एक मत इथे नोंदवतो, आपल्याला ते पटेलच असे नाही. एकरी १५ हा आकडा ज्यांनी ठरवला त्यांच्या डोळ्यांसमोर गटारे असलेली उपनगरे असावीत. आपल्यासारख्या टाऊनचा विचार त्यात मागाहून आला. तरीही या कायद्याची गरज होती असेच मला वाटते. किमान दोन एकरांच्या प्लॉटचा नियम सेप्टिकच्या नावाखाली वर्षानुवर्षे चालत आला की त्या गावात फक्त मोठी, महागडी घरेच उभी राहतात. मग शाळेतल्या शिक्षिका लांबच्या शहरातून गाडी हाकत येतात, आग विझवायला धावणाऱ्या स्वयंसेवकांच्या मुलांना लग्नानंतर गाव सोडावे लागते आणि जिने चढणे-उतरणे झेपेनासे झालेल्या वृद्धांना विकत वा भाड्याने छोटा फ्लॅट मिळत नाही. पुण्या-नाशिकहून येऊन आपल्याजवळ राहणाऱ्या आईवडिलांना चालत जाऊन दूध आणता येईल असे घर हवे, ही आपल्या लोकांची जुनी तक्रार याच नियमातून आलेली आहे.

याच कायद्यावरून बॉस्टनजवळच्या मिल्टन या टाऊनच्या खटल्याचा निकाल आला तेव्हा आपण दाखवलेला संयमही विसरता येणार नाही. तिथल्या मतदारांनी फेब्रुवारी २०२४ च्या सार्वमतात झोनिंग बदल फेटाळला, अ‍ॅटर्नी जनरल न्यायालयात गेल्या, आणि ८ जानेवारी २०२५ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध व बंधनकारक ठरवतानाच त्याची मार्गदर्शक तत्त्वे रीतसर प्रक्रियेने केलेली नसल्याने लागू होत नाहीत असे सांगितले. त्या आठवड्यात दोन्ही बाजूंनी आपलाच विजय झाल्याचे जाहीर केले. आपण एवढेच म्हणालात की नियम पुन्हा येतील, आणि ते आठवड्याभरात तातडीचे नियम म्हणून आलेही.

टाऊन मीटिंगमध्ये अशा बदलाला आता दोन तृतीयांशऐवजी साधे बहुमत पुरते. तरी साध्या बहुमतावर समाधान मानू नका, विहिरीची काळजी असलेल्या प्रत्येकाला उत्तर द्या, हा आपला आग्रह होता. त्या रात्री एका वयस्क दूधउत्पादक शेतकऱ्याने माइकपुढे येऊन विचारले की पाणी आटले तर कोणाकडे जायचे. नियमांच्या भाषेत न शिरता आपण त्यांना बोर्ड ऑफ हेल्थकडे (टाऊनच्या आरोग्य मंडळाकडे) नोंद कशी करायची आणि नव्या बांधकामाआधी जवळच्या विहिरींची पातळी मोजून ठेवण्याची अट साइट प्लॅनच्या (बांधकामाच्या जागेच्या आराखड्याच्या) तपासणीत कशी मागता येईल, ते सांगितलेत. त्यांनी मतदानाचे कार्ड कोणत्या बाजूने उंचावले ते मी पाहिले नाही, पण बसण्यापूर्वी त्यांनी आपले आभार मानले ते सभागृहातल्या सर्वांनी ऐकले.

या सगळ्यासाठी टाऊनने आपल्याला एक पैही दिलेली नाही. सांडपाणी अभियंता म्हणून केलेल्या नोकरीतला अनुभव आपण निवृत्तीनंतर गावासाठी वापरलात, आणि बैठका संपल्यावर आम्हा मराठी कुटुंबांना तोच विषय पुन्हा आपल्या भाषेत सांगण्यासाठीही वेळ दिलात. त्याबद्दल आम्हा सर्वांच्या वतीने मनःपूर्वक आभार.

जवळच्या विहिरींच्या पातळीची यादी करण्याचे काम आता बोर्ड ऑफ हेल्थकडे सुरू होत आहे आणि त्यांना घरोघरी जाणारी माणसे हवी आहेत. आपल्या गटातून काही नावे दिली आहेत, माझेही त्यात आहे. नोंदीचा तक्ता कसा असावा, हे एकदा सवडीने पाहून द्यावे ही विनंती.

आपला नम्र,
टाऊनमधील एक मराठी रहिवासी