खाल्ल्या मिठाला न जागलेले संशोधन

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्याकडे वाचकांच्या पत्रांत एक सूर हल्ली वरचेवर ऐकू येतो: संशोधनाला पैसा कुणी दिला तेवढे सांगा, निष्कर्ष काय असेल ते आम्हीच सांगतो. शंका रास्त आहे. पण तेवढ्यावरच थांबले की काय निसटते, ते अमेरिकेत सॅल्मन माशांवरून (हे नदीत जन्मतात, समुद्रात वाढतात आणि अंडी घालायला नदीत परततात) चाललेल्या वादात चांगले दिसते.

अलास्कात १९७०च्या सुमारास सॅल्मनची आवक पार घटली, तेव्हा राज्याने मत्स्यबीज केंद्रे उभारली. १९७४ पासून ना-नफा संस्थांनाही ती चालवण्याची मुभा मिळाली. आज तिथून दरवर्षी दीड अब्जाहून जास्त पिल्ले समुद्राकडे सोडली जातात. मोठे होऊन परतताना त्यातले काही मासे वाट चुकतात, रानटी माशांच्या ओढ्यांत शिरतात आणि तिथेच अंडी घालतात. याने मूळच्या माशांचे काही बिघडते का, हे तपासायला एक दीर्घ प्रकल्प हाती घेतला गेला. खर्च उचलला तो राज्य सरकारने, केंद्रे चालवणाऱ्या संस्थांनी आणि मासळीवर प्रक्रिया करणाऱ्या कारखानदारांनी, म्हणजे बहुतांशी ज्यांचे पोट याच पिल्लांवर चालते त्यांनी! आपल्यातल्या अनेकांनी पान इथेच उलटले असते.

पण कामाची पद्धत पाहा. केंद्रात अंडी उबत असताना पाणी ठरावीक क्रमाने किंचित गरम आणि थंड करतात. त्यामुळे पिल्लाच्या कानातल्या इवल्याशा हाडावर गडद वलये उमटतात, आणि त्या वलयांच्या नक्षीवरून मासा केंद्रातला की रानटी, केंद्रातला असेल तर कुठल्या, ते कळते. इथला मासा म्हणजे पिंक सॅल्मन ही जात; तो अंडी घातल्यावर मरतोच. संशोधकांनी ओढ्यातले मेलेले मासे गोळा केले, डोके चिरून ते हाड काढले आणि डीएनएसाठी मांसाचा तुकडा ठेवला. या माशाचे आयुष्य दोनच वर्षांचे असते. त्यामुळे दोन वर्षांनी परतलेल्यांत कोण कुणाचे लेकरू, हे जुळवता आले. अलास्काच्या किनाऱ्यावरच्या प्रिन्स विल्यम साउंड या आखातातल्या दोन ओढ्यांचा निकाल २०२२ मध्ये छापून आला. केंद्रातून आलेल्या माद्यांची परतलेली संतती रानटी माद्यांच्या निम्म्याहूनही कमी भरली. नरांचे आकडे बरेच वरखाली होते, पण कल तोच. पैसे देणाऱ्यांना हा निकाल गोड लागला नसणार. तरीही तो बाहेर आला, कारण हाडावरची वलये आणि डीएनए कुणाची भीड धरत नाहीत.

ओरेगॉनमधल्या हूड नदीची कथाही अशीच. तिथल्या स्टीलहेड या सॅल्मनच्याच कुळातल्या माशांवरच्या अभ्यासाला पैसा होता बॉनव्हिल पॉवर अॅडमिनिस्ट्रेशनचा. ही सरकारी संस्था धरणांची वीज विकते आणि धरणांनी माशांचे जे नुकसान केले त्याची भरपाई म्हणून मत्स्यबीज केंद्रांना पैसे पुरवते. २००७ मध्ये त्या अभ्यासाने सांगितले, की बंदिस्त पैदाशीच्या प्रत्येक पिढीमागे माशाची रानात प्रजोत्पादन करण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. टाकीत शिकारी नाही, खाणे आयते आणि गर्दी भरपूर. तिथे जो तगतो तो नदीत तगेलच असे नाही.

उलट, आयडाहोतल्या जॉन्सन क्रीकवर नेझ पर्स या आदिवासी जमातीच्या केंद्रात चिनूक सॅल्मनच्या बाबतीत अशी घट फारशी दिसली नाही. जमातीचा स्वार्थ होता म्हणून, असे कुणी चटकन म्हणेल. पण मासा वेगळा होता आणि पैदाशीसाठी दर वेळी नदीतच जन्मलेले मासे घेतले जात होते. ते वाचल्याशिवाय शिक्का मारणे हा आळस झाला.

पैशाचा खरा जोर दिसतो तो प्रश्न निवडताना. अलास्काच्या त्या प्रकल्पाने वाट चुकणे तपासले, आनुवंशिकता तपासली. पण इतके अब्ज मासे समुद्रात सोडल्यावर तिथल्या खाद्यात रानटी माशांच्या वाट्याला काय उरते, हा प्रश्न त्याच्या कक्षेतच नव्हता.

असा न विचारलेला प्रश्न आपल्या दाराशीही आहे. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाकाठी १९७०च्या दशकापासून निळ्या परांच्या महाशीरची पैदास होते आहे. हेतू चांगलाच होता आणि धरणांनी नाडलेल्या माशासाठी इतके कुणी केले, याचे कौतुकही आहे. त्याची बोटुकली कावेरीतही गेली. तिथे आधीपासून होता कुबडवाला महाशीर, फक्त त्याच खोऱ्यातला. पुढे तो घटत गेला आणि निळ्या परांचा वाढत गेला. २०१८ मध्ये कुबडवाल्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. हे उघडकीला आले ते गळाने मासे धरून पुन्हा सोडणाऱ्या हौशी मंडळींच्या तळांवर १९९८ ते २०१२ दरम्यान ठेवलेल्या नोंदींवरून. बोटुकली सोडणाऱ्यांनी मागाहून मोजदाद केली असती, तर हे कितीतरी आधी कळले असते.

म्हणून आपल्या वार्ताहरांना एक विनंती. 'अमुक जलाशयात इतके लाख मत्स्यबीज सोडले' ही बातमी पाहुण्यांच्या फोटोसह दर पावसाळ्यात येते. पुढच्या वेळी एवढे जरूर विचारावे: हे बीज कुठल्या नदीच्या माशांचे, तिथे आधीपासून कोणते मासे होते, आणि गेल्या वर्षी सोडलेल्यांचे पुढे काय झाले ते कुणी मोजले का? पैसा कुणाचा, हेही विचारावेच.

आपला,
एक वाचक, पुणे