जी मोटर आपण बसवली नाहीत, तिच्याबद्दल जाहीर आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

पत्रात आपले नाव घालायचे नाही, ही आपली अट पाळून हे आभारपत्र जाहीरपणे लिहीत आहे. जाहीरपणे अशासाठी, की जुन्या गाडीच्या जड स्टिअरिंगला कंटाळून ती झाकून ठेवणारे किंवा विकायला काढणारे माझ्यासारखे अनेकजण असतील, आणि आपण माझ्या गाडीचे जे केलेत ते त्यांच्याही उपयोगी पडेल.

गाडी १९३८ सालची. काटेकोर बोलायचे तर ‘व्हिंटेज’ हा शब्द १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्यांनाच शोभतो, हे आपण मला दोनदा ऐकवले आहे. तरीही सगळे तिला व्हिंटेजच म्हणतात आणि मीही तसेच म्हणत आलो आहे. पुढे सलग अॅक्सल, दोन्ही बाजूंना पाट्यांच्या स्प्रिंगा, व्हीलचा पीळ चाकांकडे पोचवणारा, वर्म (मळसूत्री दांडा) आणि त्यात अडकून फिरणारा रोलर असा स्टिअरिंग बॉक्स. माझा उजवा खांदा दुखावल्यापासून ती जागच्या जागी वळवणे मला अशक्य झाले होते, आणि आपल्या गॅरेजमध्ये आलो तेव्हा माझा निर्णय पक्का होता: एखाद्या आधुनिक छोट्या गाडीतली, स्टिअरिंग कॉलमवर (व्हीलपासून बॉक्सकडे जाणाऱ्या दांड्यावर) बसणारी इलेक्ट्रिक मोटर आणायची, मूळ कॉलम मधोमध कापायचा आणि ती त्यात बसवून घ्यायची. आपण माझे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतलेत आणि एकच प्रश्न विचारलात, “जड म्हणजे किती किलो?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. आपण भिंतीवरचा ताणकाटा (ओढल्यावर किलोत जोर दाखवणारा स्प्रिंगचा काटा) काढलात, स्टिअरिंग व्हीलच्या कडेला अडकवलात आणि गाडी उभी असताना चाके हलू लागेपर्यंत ओढलात. काटा सतरा किलोवर गेला. तो आकडा आपण खडूने दारावर लिहिलात आणि त्यानंतरच्या प्रत्येक कामानंतर त्याखाली नवा आकडा येत गेला. इतकी वर्षे मी ‘फार जड’, ‘जरा बरे’, ‘परत जड’ अशा शब्दांत दुखणे सांगत होतो. मोजता येईल अशा रूपात ते प्रथमच माझ्यासमोर आले.

पहिली घट तर एक नटही न उघडता झाली. पुढच्या टायरमधली हवा मूळ माहितीपुस्तिकेत सांगितल्यापेक्षा आठ पौंडांनी कमी होती. गाडीला हादरे कमी बसावेत म्हणून मीच ती कमी ठेवत असे. हवा भरल्यावर काटा साडेचौदावर आला. मग आपण टायरकडे बोट दाखवलेत. दिसायला छान म्हणून मी मूळ मापापेक्षा रुंद रेडियल (आतले धागे सरळ आडवे असलेले) टायर घातले होते. रेडियल रचनेचे पेटंट मिशेलिनने घेतले ते १९४६ साली, म्हणजे ज्याने या गाडीचे स्टिअरिंग आखले त्याच्या डोळ्यांसमोर असा टायर नव्हताच. त्याने हिशेब केला होता तो अरुंद, क्रॉसप्लाय (आतले धागे तिरके, एकमेकांना छेदणारे) टायरचा. रुंद रेडियलचा सपाट पट्टा जमिनीला मोठा चिकटतो आणि गाडी उभी असताना तो जागेवर फिरवायला जास्त जोर लागतो, हे आपण जुना टायर शेजारी ठेवून समजावलेत. चारही टायर एकाच जातीचे हवेत, पुढच्या एकाच अॅक्सलवर एक रेडियल आणि एक क्रॉसप्लाय अशी खिचडी कधीही करायची नाही, हेही बजावलेत.

माझ्या हौसेचा दुसरा पराक्रम म्हणजे ते छोटे लाकडी स्टिअरिंग व्हील. मूळ व्हील सतरा इंची, माझे चौदा इंची. हा भागाकार मी शाळेत असतानाही करू शकलो असतो: तेवढाच पीळ देण्यासाठी हाताला एकवीस टक्के अधिक जोर लावावा लागतो. आपण त्यावर काही बोलला नाहीत. नुसते व्हीलकडे पाहिलेत आणि मग माझ्याकडे. मूळ व्हील माळ्यावरून उतरवून मी दुसऱ्याच दिवशी घेऊन आलो.

खरी शिकवण मात्र त्यानंतरची आहे आणि तिच्यासाठीच हे पत्र आहे. स्टिअरिंग जड आहे असे म्हणताना आपण चार-पाच वेगवेगळ्या गोष्टींना एकच नाव देत असतो. पुढचा अॅक्सल उचलून चाके अधांतरी केल्यावर आपण बॉक्समधून निघणाऱ्या ड्रॉप आर्मपाशी चाकांकडे जाणारी ड्रॅग लिंक सोडवलीत, म्हणजे बॉक्स आणि चाके यांचा संबंध तुटला. आता एका बाजूला फक्त चाके, दुसऱ्या बाजूला फक्त बॉक्स आणि कॉलम. चाके हातांनी डावी-उजवीकडे फिरवायला सांगितलीत. जमिनीचा भार नसतानाही ती रखडत फिरत होती, आणि दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड सोडवल्यावर कळले की डावे चाक बरे आहे, सगळा अडथळा उजव्या किंगपिनचा, म्हणजे चाक ज्या उभ्या पिनेभोवती वळते तिचा आहे.

“पण मी दर महिन्याला ग्रीस मारतो,” असे मी जरा दुखावूनच म्हणालो होतो. ते खरेही होते. आपण विचारलेत, “गाडी जमिनीवर असताना की जॅकवर?” गाडी जमिनीवर उभी असते तेव्हा पुढचा सगळा भार अॅक्सलच्या डोळ्यातून भार पेलणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर आणि तिथून चाक धरणाऱ्या स्टब अॅक्सलवर येतो, त्या जागी फट अशी उरतच नाही, त्यामुळे ग्रीसगनने दाबलेले ग्रीस सोपा मार्ग धरून वरच्या टोकाने बाहेर येते. बाहेर आलेले ताजे ग्रीस बघून माझ्यासारखा माणूस समाधानाने फडके फिरवतो. ज्या बेअरिंगवर गाडी तोललेली आहे ते मात्र कोरडेच राहते. अॅक्सलखाली जॅक लावून चाक लोंबते ठेवले, की तिथे बारीकशी फट पडते आणि मग ग्रीस मारताना चाक कडेपासून कडेपर्यंत फिरवत राहिले तर ते सगळीकडे पोचते. उजव्या बाजूचे बेअरिंग आपण माझ्या तळहातावर ठेवलेत तेव्हा ते गंजून तपकिरी झाले होते, आणि गोळ्यांचे ठसे चकतीवर खड्ड्यांसारखे उमटलेले नखाला लागत होते. नवे बेअरिंग, नवी पिन आणि नवे बुश (पिन ज्यांत फिरते त्या नळ्या). दोन्ही बुश आपण एकाच लांब रीमरने (भोक मापात कोरणाऱ्या हत्याराने) एका रेषेत रीम केलेत, कारण वेगवेगळे रीम केलेले बुश पिनेला तिरके धरतात आणि नवे सामान घालूनही जड ते जडच राहते.

बॉक्सची कथा वेगळी होती. तो एकटा फिरवून पाहिला तर दोन्ही कडांना मोकळा आणि नेमका मध्यावर घट्ट. आधी कोणीतरी त्याचा प्ले (दातांमधला सैलपणा) काढला होता, पण व्हील पूर्ण वळवलेल्या स्थितीत. असा बॉक्स मुद्दाम मध्याशी अधिक जवळ बसेल असा घडवलेला असतो आणि कडांना थोडा सैल असणे हा त्याचा दोष नव्हे. तो सैलपणा स्क्रू पिळून घालवला तर सरळ रस्त्यावर, जिथे आपण सर्वाधिक वेळ असतो, तिथेच वर्म आणि रोलर एकमेकांना चावतात. म्हणून प्ले तपासायचा आणि काढायचा तो चाके सरळ असताना. शिवाय बॉक्समध्ये तेलाऐवजी घट्ट ग्रीस ठासलेले निघाले. रोलरने बाजूला ढकललेले ग्रीस परत दातांकडे वाहत येत नाही, तेल येते. आत ग्रीस भरपूर आणि दात कोरडे, हे झाकण उघडल्यावर मी स्वतः पाहिले. गळती थांबवण्यासाठी केलेला तो उपाय असणार, असा आपला तर्क होता. आपण सील बदललेत आणि तेल भरलेत.

शेवटी डॅशबोर्डखालचा ब्रॅकेट. तो सैल करताच कॉलम स्वतःहून जवळजवळ पाव इंच बाजूला सरकला, म्हणजे इतकी वर्षे तो वाकवून आवळलेला होता. कॉलमला जिथे राहायचे होते तिथेच राहू देऊन ब्रॅकेटमागे आपण शिम (पातळ पट्ट्या) घातलेत.

एका बाबतीत मी आपल्याशी वाद घातला, त्याची इथे कबुली देतो. मागच्या स्प्रिंगा बसल्यामुळे गाडीचे नाक वर झाले होते, किंगपिन मागे जास्त कलल्या होत्या आणि हा मागचा कल, म्हणजे कॅस्टर, साडेचार अंशांवर गेला होता. स्प्रिंगा दुरुस्त करून आपण तो अडीचवर आणलात. कॅस्टर कमी केल्याने स्टिअरिंग हलके होते हे कळल्यावर, तो अगदी शून्यावर आणा असा हट्ट मी धरला. आपण नकार दिलात. वळण संपल्यावर चाके आपोआप सरळ होतात ती या कलामुळेच. तो काढून घेतला तर उभ्या गाडीत खूश व्हाल आणि वेगात गाडी भटकेल, असे आपण म्हणालात. मला त्या वेळी ते पटले नव्हते. आता मोकळ्या रस्त्यावर व्हील माझ्या हातातून आपोआप परत फिरते तेव्हा पटते.

दारावरचा शेवटचा आकडा सात आहे.

मोटरविषयी आपण जे म्हणालात तेही नोंदवतो. पॉवर स्टिअरिंग विक्रीच्या गाडीत आले ते १९५१ साली, क्रायस्लर इम्पिरियलमध्ये. त्याआधीच्या लाखो गाड्या माणसांनी नुसत्या हातांनीच वळवल्या, तेव्हा सतरा किलो हा आकडा कारखान्याचा असूच शकत नाही, असा आपला साधा तर्क होता. माझी गाडी सहा व्होल्टची, डायनॅमो तीस अँपिअरचा, म्हणजे एकशेऐंशी वॉट. जी मोटर मी आणणार होतो ती बारा व्होल्टला चाळीस अँपिअरपर्यंत मागते, म्हणजे चारशेऐंशी. पण विजेचा प्रश्न सुटला असता तरी दुसरा प्रश्न गंभीर होता. मोटर कॉलमला पीळ देते, आणि तो पीळ पुढे त्याच चावणाऱ्या बॉक्सला, त्याच गंजलेल्या बेअरिंगला सोसावा लागतो. फरक इतकाच, की हाताला ते कळणे बंद होते. आपला विरोध यंत्राला नव्हता. सगळे निर्दोष करूनही खांद्याला झेपले नाही तर बसवू, आणि तीही मूळ कॉलम न कापता, असे आपण म्हणाला होतात. ती वेळ आली नाही.

अगदी चिंचोळ्या जागेत गाडी वळवताना अजूनही जोर लागतो, हे खोटे सांगणार नाही. गाडी सरकू लागल्याशिवाय व्हील फिरवायचे नाही, ही आपली सूचना पाळली की तोही बराच कमी होतो. गेल्या आठवड्यात मी जॅक लावून, चाके फिरवत, स्वतः ग्रीस मारले आणि या वेळी ते खालूनही बाहेर आले.

आपला ताणकाटा शेवटच्या मापानंतर माझ्याच गाडीत राहिला आहे. येत्या रविवारी तो परत करायला येतो. गाडी आपण चालवून पाहावी, ही विनंती.

आपला ऋणी,
१९३८ च्या गाडीचा मालक