ती संगीन सीताबर्डीच्या लढाईतली नव्हे

महोदय,

नागपूरच्या महाल भागातला जुना वाडा पाडताना माळ्यावर संगीन सापडल्याची बातमी आपल्या अंकात छायाचित्रासह आली आहे. पात्यावर ‘१७’ असा आकडा दिसतो, म्हणून ती १८१७च्या सीताबर्डीच्या लढाईतलीच, असं त्यात ठासून म्हटलं आहे. माझी सगळी नोकरी कारखान्याच्या टूलरूममध्ये (अवजारं-साचे बनवायच्या खात्यात) पोलादावरचे ठसे तपासण्यात गेली, म्हणून भिंग घेऊन बसलो. वस्तू अस्सल दिसते. लढाई मात्र चुकली, तीही शंभर वर्षांनी.

आधी मूठ बघा. लाकडाच्या दोन फळ्या, दोन स्क्रूंनी आवळलेल्या, आणि आडव्या पट्टीच्या एका टोकाला कडी. २६-२७ नोव्हेंबर १८१७ला सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेशी लढलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांच्या संगिनीला मूठच नसे. बंदुकीच्या नळीवर चढवायचं एक पोकळ नळकांडं, त्यात नागमोडी खाच, आणि नळकांड्याच्या बाजूने निघालेलं तीनकोनी पातं. ते भोसकायला, कापायला नव्हे. छायाचित्रातलं पातं चपटं आहे, एका अंगाला धार आहे.

ही १९०७च्या नमुन्याची, ली-एनफिल्ड रायफलीवर बसणारी संगीन. पातं १७ इंची; बातमीदाराने ‘जवळपास दीड फूट’ लिहिलं आहे ते चोख जुळतं. नमुना इंग्रजांनी जपान्यांच्या संगिनीवरून उचलला. सुरुवातीला आडव्या पट्टीला एक वळलेला हुक असे, तो १९१३मध्ये काढून टाकला. इथे हुक नाही.

आता तो ‘१७’. मुठीला लागून पात्याचा जो बिनधारेचा भाग असतो, त्यावर मुकुट, खाली इंग्रजीत जी.आर. (म्हणजे राजा जॉर्ज), मग १९०७, मग महिना आणि सालाचे शेवटचे दोन आकडे, शिवाय कारखानदाराचं नाव असे ठसे मारलेले असतात. यातलं १९०७ हे नमुन्याचं साल, तयार केल्याचं नव्हे. पुष्कळ हौशी मंडळी इथेच घसरतात. आपल्या छायाचित्रात १९०७ गंजाखाली दबलं आहे, ‘१७’ तेवढं वाचता येतं आणि त्याच्या शेजारी ८सारखं काहीतरी. म्हणजे ऑगस्ट १९१७, पहिलं महायुद्ध ऐन भरात. गंमत अशी की जी.आर. स्पष्ट दिसलं असतं तरी घोळ मिटला नसता. १८१७लाही इंग्लंडच्या गादीवर जॉर्जच होता, तिसरा. १९१७ला पाचवा.

खरी मजा पात्याच्या दुसऱ्या बाजूला आहे, आणि तिचंच छायाचित्र आपण छापलं नाही. तिथे सरकारी मालाचा बाण असतो, पातं वाकवून तपासल्याची फुलीसारखी खूण असते, तपासनिसांचे बारीक ठसे असतात. दोन बाण टोकाला टोक लावून असतील, तर माल लष्कराने रीतसर विकून टाकलेला. तसे नसतील, तर ती महालात कशी आली हे त्या घरच्या वडीलधाऱ्यांनाच विचारावं लागेल. आर.एफ.आय. ही अक्षरं निघाली, तर ती बंगालातल्या ईशापूरच्या कारखान्यातली. पुढे भारतात अशा कितीतरी संगिनी कापून १२ इंची केल्या गेल्या. ही पूर्ण लांबीची वाचली, हे काही कमी नाही.

बातमीच्या शेवटी आहे की घरमालक दसऱ्याच्या शस्त्रपूजेआधी ती बफिंग करून चकाचक करणार आहेत. कृपा करून हे थांबवा! ठसे वरवरचे असतात. बफचं चाक दोन मिनिटं फिरलं की मुकुट, साल, बाण सगळं सपाट. पॉलिश पेपर नको, चिंच नको, लिंबू तर नकोच. मशीन ऑईलचा हात द्यावा, रात्रभर मुरू द्यावं, मऊ कापडाने पुसावं. पूजा तेवढ्यावरही होते.

आणखी एक. शस्त्रास्त्र नियमांच्या यादीत संगिनीचं नाव आहे, तेव्हा ती मिरवण्याआधी किंवा कुणाला विकण्याआधी पोलीस ठाण्यात विचारलेलं बरं. अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या सरकारी संग्रहालयातही दाखवावी. आपण मात्र दुसऱ्या बाजूचं छायाचित्र मिळवून छापा, ठसे वाचता येतील एवढं मोठं.

आपला,
एक निवृत्त टूलरूम निरीक्षक
त्रिमूर्तीनगर, नागपूर